पट्टी गावातच आहे

आपल्या शेंदूरजनाघाटात कलमा बांधणाऱ्या माणसाला संत्र्याच्या झाडाचं दुखणं शिकवावं लागत नाही. वर पानं हिरवीगार असतात, बहार धरलेला असतो आणि खाली बुंध्यावर, कलमेच्या जोडाजवळ डिंक पाझरताना दिसतो. त्याला तेवढं पुरतं. डिंक्या लागला! पानं पिवळी पडेपर्यंत तो थांबत नाही. साल खरवडतो, बोर्डोमलम लावतो, पाटाचं पाणी बुंध्यापासून लांब वळवतो. उशीर झाला तर बाग उपटावी लागते, हे त्याने पाहिलेलं असतं.

माणसाची किडनीही बिघडायला लागली की अशीच पाझरते. लघवीतून प्रथिन पाझरतं. झाडाच्या बुंध्याकडे आपण रोज पाहतो, लघवीकडे मात्र कोणी पाहत नाही.

म्हणून आपली माणसं हातची जात आहेत. आपल्या वरुड तालुक्यात, खाली मोर्शीत, तिकडे दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्यात, कुठल्याही गावात पारावर बसा आणि विचारा. "अमका मशीनवर आहे" हे वाक्य ऐकायला मिळतंच. मशीन म्हणजे डायलिसिस. साधारण आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. उपचाराचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघतो, पण अमरावती किंवा नागपूरला जाण्या-येण्याचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि घरात कमावता हात बसून राहणं, हे कुठल्या योजनेत बसतं? मग कोणी तीनऐवजी दोनदाच जातो. कोणी मध्येच सोडून देतो. ज्या वयात बाग वाढवायची, पोरीचं लग्न करायचं, त्या वयात.

यातल्या बहुतेकांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "मले तं काईच त्रास नव्हता. लघवी साफ होत होती. मंग किडनीले काय झालं?"

त्याचं म्हणणं खरंच असतं. किडनी दुखत नाही. एकेका किडनीत सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्यांतल्या मिळून रोज साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. काही गाळण्या मेल्या तर उरलेल्या जास्तीचं काम ओढतात. म्हणून लघवी साफ होते, ताकद वाटते, आणि रक्तातलं क्रिएटिनीनसुद्धा बराच काळ ठीक दिसतं. ते ठळक वाढतं तोवर अनेकदा किडनीचं निम्मं काम गेलेलं असतं. चेहऱ्यावर सूज, पायावर सूज, मळमळ, दम लागणं ही तर त्याच्याही पुढची गोष्ट.

पण प्रथिन आधीच बोलतं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं मोठं प्रथिन असतं. निरोगी गाळणी त्याला जाऊ देत नाही. साखरेने, रक्तदाबाने गाळणीची भिंत सैल झाली की ते थोडं-थोडं निसटायला लागतं. आधी इतकं कमी, की लघवीत बुडवायच्या साध्या कागदी पट्टीलाही दिसत नाही. मग पट्टीला दिसतं. मग लघवीला फेस येतो, तो लवकर विरत नाही. या तीन पायऱ्यांमध्ये कित्येक वर्षं जातात. ही वर्षं आपल्या हातातली आहेत आणि आपण ती घालवतो आहोत. मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते.

ही माहिती काही कालची नाही. लंडनच्या गाइज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचा डॉक्टर सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरायचा. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली की किडनी बिघडली असं तो सांगायचा. मृत्यूनंतर शवविच्छेदनात त्या किडन्या खराब निघायच्या. 1827 मध्ये त्याने हे छापलं. एक चमचा, एक मेणबत्ती! पुढे त्याच गाइजमध्ये 1963 साली हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने चमच्याला न दिसणारं अगदी थोडं अल्ब्युमिन मोजायची पद्धत बसवली. 1982 मध्ये विबर्टी आणि कीन यांच्या चमूने दाखवून दिलं की मधुमेह्याच्या लघवीत हे थोडंसं जास्त असणं म्हणजे पुढच्या काळात किडनी जाण्याची आगाऊ खबर आहे.

आता या खबरेला आकडा आहे. लघवीतलं अल्ब्युमिन आणि लघवीतलं क्रिएटिनीन यांचं गुणोत्तर काढतात, त्याला लॅबवाले एसीआर म्हणतात. 30च्या आत असेल तर बरं. 30 ते 300 म्हणजे सावध व्हा. 300च्या वर म्हणजे गाळणी बरीच सैल झाली आहे. जगभरच्या किडनी तज्ज्ञांनी 2012 पासून आजाराची प्रतवारी करताना या आकड्याला रक्तातल्या तपासणीच्या जोडीला बसवलं. कॅनडातल्या नवदीप तांगरी यांनी 2011 साली एक सूत्र मांडलं: माणसाचं वय, स्त्री की पुरुष, किडनीचा गाळण्याचा वेग आणि एसीआर. एवढ्या चार गोष्टींवरून पुढच्या दोन आणि पाच वर्षांत डायलिसिसची वेळ येण्याची शक्यता किती, ते सांगता येतं. कुंडली दाखवायला आपण किती पैसे मोजतो? इथे लघवीची बाटली भविष्य सांगते आणि ते बदलायची वाटही दाखवते.

हो, बदलता येतं. हे ठासून सांगायला हवं, कारण आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की किडनीचं निघालं म्हणजे संपलं, मग कशाला तपासायचं? 1993 पासूनच्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं आहे की रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या नुसता बीपी उतरवत नाहीत, प्रथिनाची गळतीही कमी करतात आणि किडनीचं आयुष्य वाढवतात. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही त्यातली नावं, आपल्या घराघरांतल्या डब्यांत असणारी. 2020 साली डापाग्लिफ्लोझिन या गोळीच्या एका मोठ्या अभ्यासात 4304 रुग्ण होते. किडनी निम्म्याने ढासळणं, पूर्ण निकामी होणं, किडनीच्या किंवा हृदयाच्या कारणाने मृत्यू, या सगळ्यांचा मिळून धोका तिने 39 टक्क्यांनी कमी केला. त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. सुरू केल्यावर रक्त तपासावं लागतं, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची ही गोळी नाही. पण गळती वेळेत सापडली तर उपाय आहे, आणि तो आपल्याला परवडणारा आहे.

आता आपल्या मुलखाचं वेगळेपण. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचं पाणी खारट, डाळ शिजत नाही, अंगाला साबण लागत नाही. तिथले लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की आमच्या गावांत किडनीचे रुग्ण फार आहेत, आणि ते बोट पाण्याकडे दाखवतात. इकडे आपल्या वरुड-मोर्शीत पाणी गोड, पण ते संपत चाललं आहे. भूजल अतिउपशाच्या यादीत आपले तालुके आहेत, बोअर खोल-खोल जात आहेत. त्यात एप्रिल-मेचं ऊन. फवारणी करणारा, संत्रा तोडणारा, रोजाने खड्डे खणणारा मजूर त्या उन्हात राबतो, पाणी कमी पितो, संध्याकाळी अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतो. अंगातलं पाणी आटलेलं असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. हे सिद्ध झालेलं आहे.

जगात इतरत्र शेतमजुरांमध्ये असाच आजार उभा राहिला आहे. एल साल्वादोर, निकाराग्वात ऊसतोड कामगारांना, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात भातशेतकऱ्यांना, आणि आपल्याच देशात आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात. ना साखर, ना बीपी, तरी किडनी जाते. ऊन, शोष, रसायनं, पाणी, सगळ्यांवर संशय आहे, निकाल कोणावरच लागलेला नाही. या आजारात एक फसवी गोष्ट आहे, ती आपण लक्षात ठेवायला हवी. इथे मार आधी गाळणीला बसत नाही, गाळल्यानंतरच्या नळ्यांना बसतो. त्यामुळे सुरुवातीला अल्ब्युमिन फारसं दिसतच नाही. नळ्या एरवी छोटी-छोटी प्रथिनं परत शोषून घेतात, त्या जखमी झाल्या की ती लघवीत वाहून येतात. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे त्यातलं एक. शिवाय मार बसलेल्या नळ्या स्वतःच किम-1 आणि एनगॅल नावाची प्रथिनं सोडतात. म्हणजे लघवीतली प्रथिनं नुसतं "बिघडलं" एवढंच सांगत नाहीत, कुठे बिघडलं तेही सांगतात.

या नव्या प्रथिनांचं कौतुक करताना आपण वाहवून जायला नको. युरोपात लघवीतल्या 273 प्रथिन-तुकड्यांचा एकत्र नमुना तपासून धोक्यातले मधुमेही आधी ओळखायचा मोठा प्रयोग झाला. धोका बऱ्यापैकी ओळखता आला, पण त्या लोकांना आधीच दिलेल्या गोळीने आजार काही टळला नाही. 2020 मध्ये ते जाहीर झालं. नव्या तपासण्या महाग आहेत, मोठ्या लॅबपुरत्या आहेत. त्या गावात येईपर्यंत थांबायचं का? अजिबात नाही. खारपाणपट्ट्यातल्या आणि उन्हात राबणाऱ्या माणसाने पट्टीसोबत वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनीन करून घ्यावं. आज एवढंच पुरेसं शहाणपण आहे. आणि अकोल्याचं, अमरावतीचं वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम, नागपूरचं एम्स, यांना आपण सगळ्यांनी मिळून मागणी करावी: आमच्या गावांत या, आमची लघवी आणि आमचं पाणी दोन्ही तपासा, नमुने जपून ठेवा, आमच्याकडे नळ्या जातात की गाळण्या, ते एकदाचं सांगा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

घरातली सून गरोदर राहिली की तिला आरोग्य उपकेंद्रात नेतात. सिस्टर तिची लघवी घेतात, त्यात एक कागदी पट्टी बुडवतात, मिनिटभराने तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहतात. पिवळी राहिली तर ठीक. हिरवट झाली तर अल्ब्युमिन आहे, बाळंतपणात धोका आहे, पुढे पाठवा. ही पट्टी गावोगाव आहे. ती वापरणारे हात आहेत. तो रंग वाचता येणारे डोळे आहेत. मग हीच पट्टी सुनेच्या सासऱ्याच्या लघवीत का बुडत नाही? त्याला दहा वर्षांपासून साखर आहे. सासूला बीपी आहे. मधुमेह झालेल्या साधारण तीनपैकी एकाची किडनी पुढे बिघडते. तरीही तिशीपुढच्या सगळ्यांच्या सरकारी तपासणीत साखर, रक्तदाब आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग एवढंच पाहिलं जातं. सहावी गोष्ट म्हणून ही पट्टी त्यात घालायला नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही.

हे होऊ शकतं, कारण झालेलं आहे. जयप्रकाश नारायण यांची किडनी 1975 मध्ये तुरुंगात असताना गेली आणि मुंबईच्या जसलोकमध्ये ते डायलिसिसवर राहिले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. तिथे त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी पुढे चेन्नईला गेले. डायलिसिस आणि प्रत्यारोपणात आयुष्य घालवलेल्या या माणसाने ठरवलं की आपल्या देशाला ही महागडी वाट परवडणार नाही, आजार दारातच अडवायचा. 1990च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने चेन्नईजवळची खेडी घेतली, वस्ती सुमारे 25 हजार. गावातल्याच शाळा शिकलेल्या मुलींना बीपी मोजायला शिकवलं. त्या घरोघर जात, लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकत. लघवी गढूळ झाली की प्रथिन आहे. साखर-बीपीचे रुग्ण सापडले की डॉक्टर येत आणि सगळ्यात स्वस्त, जुन्या गोळ्या देत. बहुतेकांचा बीपी काबूत आला. माणशी वर्षाचा खर्च अगदी किरकोळ होता. आपलं शेंदूरजनाघाट साधारण तेवढंच गाव आहे. आपल्याकडे आशाताई आहेत, ज्या गावातली घरं ओळखतात.

मग आपण काय करायचं?

ज्यांना साखर किंवा बीपी आहे, ज्यांच्या घरात कोणी डायलिसिसवर आहे, ज्यांचं वय चाळिशीपुढे आहे, त्यांनी वर्षातून एकदा लघवी तपासायची. सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची, स्वच्छ बाटलीत. ताप असताना, लघवीला जळजळ असताना, बायांनी पाळीच्या दिवसांत किंवा खूप अंगमेहनत केल्यावर लगेच नको, कारण तेव्हा खोटी खूण उमटू शकते. आणखी एक, आपल्या उन्हाळ्यासाठी खास: दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाची लघवी घट्ट असते, पट्टी उगाच गडद होते. उलट तांब्याभर पाणी पिऊन आलं तर खरी गळतीही फिकी दिसते. म्हणून पट्टीवर शंका आली की एसीआर करायचं. त्यात पाण्याचा हा घोळ निघून जातो, आणि जिथे पट्टी हात टेकते तिथलं थोडं अल्ब्युमिनही सापडतं. साखरेच्या रुग्णाने तर पट्टी कोरी आली तरी एसीआर करावंच.

एकदा खूण आली म्हणून घाबरायचं नाही. तीन महिन्यांत तीनदा तपासून दोनदा आली तर मात्र डॉक्टर गाठायचे, आणि "साखर तपासा" म्हणतो तसं "डॉक्टरसाहेब, माझा एसीआर किती?" असं विचारायचं. विचारणाऱ्या रुग्णांमुळे डॉक्टरांचीही सवय बदलते. ते वैतागतील ही भीती नको. बहुतेकांना आनंदच होतो.

मेडिकलवाल्या भावांना एक विनंती. दुखण्याच्या गोळ्या सुट्या मागायला आलेल्या मजुराला "साखर-बीपी आहे का, लघवी कधी तपासली?" एवढं विचारा. गावात तुमच्याकडे येतात तेवढी माणसं रोज कोणाकडेच येत नाहीत. भस्माच्या पुड्या देणाऱ्यांबद्दलही सावध राहू या. काही भस्मांत शिसं, पारा असतो आणि तो थेट किडनीच्या नळ्यांवर बसतो. "साइड इफेक्ट नाही" या वाक्यावर आपला फारच विश्वास आहे.

बागायतदारांनी मजुरांसाठी बांधावर पाण्याची टाकी आणि सावली ठेवावी, भर दुपारी काम थांबवावं. यात उपकार काही नाही. तोडणीला माणसं मिळत नाहीत अशी आपली रोजची तक्रार आहे, तर आहेत ती तरी धडधाकट राहोत.

पैशाचं म्हणाल तर शंभर पट्ट्यांची डबी काहीशे रुपयांत येते. वीस-बावीस हजारांच्या गावात चाळिशीपुढची सहा-सात हजार माणसं धरली तरी साठ-सत्तर डब्या लागतील. गणपतीत एखाद्या मंडळाच्या डीजेला जेवढे जातात तेवढ्यात हे बसावं. मंडळं आपलीच आहेत, पोरं आपलीच आहेत, सांगितलं तर ऐकतात. नगरपरिषदेने ठराव करावा, आजूबाजूच्या खेड्यांनी ग्रामसभेत करावा, आणि तो जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवावा: तिशीपुढच्या तपासणीत लघवीची पट्टी घाला, गळती सापडलेल्यांचं रजिस्टर ठेवा, त्यांना एसीआर आणि क्रिएटिनीन मोफत करून द्या. 2025च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्यावर ठराव केला. आपल्या ठरावाला तेवढा आधार पुरे.

एक अट मात्र पाळू या. तपासणी करून माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही. खूण आलेल्या प्रत्येकाचं नाव, त्याला दवाखान्यात कोण नेणार त्याचं नाव आणि पुढची तारीख, तिन्ही लिहून ठेवायचं. शिबिरं भरपूर होतात, फोटो निघतात, पण दुसऱ्या तपासणीला माणूस येत नाही. गळती सुरू आहे हे कळूनही काहीच न करणं हे न कळण्यापेक्षा वाईट.

20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. ते आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यांच्या नावाने आपण गावं झाडतोच. या वर्षी झाडू हातात घ्यायच्या आधी सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन समाजमंदिरात या. घरातल्या साखरेच्या, बीपीच्या माणसाला सोबत आणा. पट्ट्या वाचायला येणाऱ्या निवृत्त सिस्टर, लॅब टेक्निशियन, बी.फार्म.ची पोरं यांनी दोन तास द्यावेत. प्रत्येक वॉर्डातून किमान एकाने आजच आपल्या आशाताईंकडे नाव द्यावं, म्हणजे पट्ट्या किती मागवायच्या ते ठरेल.